हुतात्मे १०५ की १०७? विकिपीडियावर संदर्भ कसा द्यावा आणि वाद कसा मिटवावा

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा आमच्या घरात एकशे पाच होता. आजोबा लालबागला गिरणीत होते आणि 'एकशे पाच जणांनी रक्त सांडलं म्हणून मुंबई आपली' हे वाक्य मी पाढ्यांच्याही आधी ऐकलं असेन. पुढे मराठी विकिपीडियावर लिहायला लागले तेव्हा कळलं, की कुणाच्या घरात तो आकडा १०६ आहे आणि भाषणांत, बातम्यांत १०७ही येतो. तिघंही सारख्याच खात्रीने बोलतात. विकिपीडियावर नीट लिहायला शिकायचं असेल तर अशा एका आकड्यापासून सुरुवात करा. संदर्भांचे बहुतेक नियम आणि संपादकांमधले बहुतेक वाद त्या एका आकड्यात सापडतात. म्हणून या लेखात तोच शेवटपर्यंत सोबत घेते.

नियम तीन आहेत

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. सगळ्या भाषांत पाया एकच आहे. पहिला नियम, मजकूर पडताळता आला पाहिजे: वाचकाला शंका आली तर तो ज्या पुस्तकात, वर्तमानपत्रात किंवा अहवालात जाऊन बघू शकेल, ते नाव तुम्ही दिलेलं असलं पाहिजे. दुसरा, मूळ संशोधन नको: तुम्ही स्वतः काढलेला निष्कर्ष कितीही बरोबर असला तरी तो आधी दुसरीकडे छापून आलेला हवा. तिसरा, तटस्थपणा: जाणकारांमध्ये मतभेद असतील तर ते मतभेद म्हणूनच मांडायचे.

नवा माणूस अडखळतो तो पहिल्याच नियमावर. 'पण मला माहीत आहे ना!' असं तो म्हणतो, आणि बऱ्याचदा त्याला खरंच माहीत असतं. माझ्या आजोबांनाही माहीत होतं. पण वाचक माझ्या आजोबांना विचारायला जाऊ शकत नाही. संदर्भ मागणं म्हणजे तुम्हाला खोटं ठरवणं नव्हे, हे एकदा मनात बसलं की निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

पायरी पहिली: वाक्य सुटं करा

संदर्भ शोधायला धावण्याआधी वाक्यात नेमकं काय म्हटलंय ते कागदावर लिहून काढा. 'संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ जण हुतात्मा झाले.' यात किती प्रश्न दडलेत बघा. फक्त मुंबईतले की राज्यभरातले? फक्त गोळीबारात गेलेले की जखमी होऊन नंतर वारलेलेही? २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर जानेवारी १९५६ मध्ये उसळलेलं आंदोलन, आणि १ मे १९६० पर्यंतचा उरलेला काळ, यातलं काय मोजलं? दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर कदाचित दोघांनी मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या असतील.

मुंबईविषयीच्या लेखांत हा घोटाळा फार होतो. '२६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला' हे वाक्य आपण सगळे बोलतो. तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. 'सांताक्रूझ येथे' हे दोन शब्द घातले की वाक्य खरं होतं. तसंच १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी 'भारतातली पहिली रेल्वे' नव्हे, कारण मद्रासजवळ माल वाहणारी रेड हिल्स रेल्वे त्याआधी, १८३७ मध्येच धावली होती. 'पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे' म्हटलं की प्रश्न मिटतो. पुराव्याला जेवढं अंग, तेवढाच वाक्याला सदरा शिवायचा. मला या कामातलं सांगण्यासारखं काही असेल तर ते एवढंच आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

पायरी दुसरी: कागद शोधा

गूगलवर पहिल्या पानावर जे येतं ते बहुतेक वेळा एकमेकांवरून उतरवलेलं असतं. मुंबईत राहणाऱ्याला यापेक्षा कितीतरी चांगल्या जागा आहेत. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. ही संस्था १८९८ ची, आणि जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकं शोधायला याहून जवळची जागा मला माहीत नाही. फोर्टमध्ये टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेलं की एशियाटिक सोसायटी. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. जाण्याआधी फोन करून वेळ, ओळखपत्र आणि सभासद नसलेल्यांसाठीची सोय विचारून घ्या. नुसतं जाऊन परत येण्यात लोकलचा अर्धा दिवस जातो.

घरबसल्या पाहायचं तर मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आहेत. केतकरांचा ज्ञानकोशही मिळतो. त्यांचं निधन १९३७ चं, आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे तो मजकूर मोकळा आहे. विश्वकोशाचं तसं नाही. तो संदर्भ म्हणून द्या, पण उतरवून घेऊ नका. तुमच्या खात्यावर ५०० संपादनं आणि सहा महिने झाले असतील, खातं चालू असेल आणि त्यावर बंदी नसेल, तर विकिपीडिया लायब्ररीतून एरवी पैसे पडणारी संशोधनपत्रिकांची भांडारं फुकट उघडतात. ही सोय फार थोड्या मराठी संपादकांना ठाऊक आहे.

शोधताना जुनी नावं वापरा. १९५५ च्या वर्तमानपत्रात 'हुतात्मा चौक' सापडणार नाही, तिथे 'फ्लोरा फाउंटन' आहे. प्रभादेवी स्थानकाविषयी २०१८ आधीचं काही हवं तर 'एल्फिन्स्टन रोड' शोधा. जुन्या मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा. पण पौष ते फाल्गुन या काळातली तारीख असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. शिवजयंतीची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही इसवी सन १६३० मध्ये येते ती यामुळे. एका वर्षाच्या फरकावरून चर्चा पानावर, म्हणजे लेखाविषयी संपादक जिथे आपसांत बोलतात त्या पानावर, हमरीतुमरी झालेली मी पाहिली आहे, आणि कारण एवढंच निघालं होतं.

पायरी तिसरी: स्रोत तोलून बघा

इथे घाई करू नका. हातात आलेल्या प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. लिहिणाऱ्याला ही गोष्ट कळायचा मार्ग काय होता? छापण्याआधी दुसऱ्या कुणी ती तपासली होती का? आणि यात त्याचा स्वतःचा काही संबंध गुंतलाय का?

हुतात्म्यांच्या आकड्यासाठी हे करून बघू. कुणी म्हणालं, की गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी दैनिक 'मराठा'ने अमुक आकडा छापला होता. थांबा. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' सुरू झाला १५ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारानंतर जवळजवळ एक वर्षाने. त्यात आकडा असेल तर तो मागाहून दिलेला आहे, त्या दिवशीची बातमी नव्हे. 'महाराष्ट्र टाइम्स' तर १९६२ चा. त्या दिवसांची बातमी हवी असेल तर त्या वेळी निघत असलेली पत्रं पाहावी लागतील, जसं 'नवाकाळ' किंवा 'लोकसत्ता'. आणि त्यातही दुसऱ्या दिवशीचा आकडा म्हणजे छापायला जाईपर्यंत कळलेला आकडा. ताज्या बातमीतून त्या दिवशी काय कळलं होतं ते समजतं. एकूण किती गेले, यासाठी नंतर सगळी साधनं समोर ठेवून लिहिणाऱ्या अभ्यासकाचं पुस्तक जास्त भरवशाचं.

आता समजा कुणी एखाद्या स्मारकाच्या फलकाचा फोटो आणला आणि नावं मोजून आकडा सांगितला. फलक हे प्राथमिक साधन आहे. 'फलकावर अमुक लिहिलं आहे' एवढं त्यावरून म्हणता येतं. 'म्हणून इतर आकडे चुकीचे' हे म्हणता येत नाही. तो निष्कर्ष तुमचा झाला. मघाशी मी एक तर्क केला, की मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडे वेगळे पडले असावेत. तोही माझाच. मला तो पटतो, पण एखाद्या अभ्यासकाने तसं लिहिलेलं सापडेपर्यंत तो लेखात जाणार नाही.

ब्लॉग, फेसबुकवरची पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर, यूट्यूबवरची भाषणं: यांच्यामागे तपासणारं कुणी नसतं, म्हणून ती चालत नाहीत. दुसऱ्या भाषेतला विकिपीडियाही संदर्भ होत नाही. तिथल्या तळटीपेतलं मूळ पुस्तक उघडून स्वतः वाचा आणि मग ते द्या.

सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे गोल फिरून आलेला संदर्भ. विकिपीडियावर कुणीतरी संदर्भाविना एक वाक्य लिहितं, एखादा वार्ताहर ते उचलून बातमीत घालतो, आणि दोन वर्षांनी तीच बातमी त्या वाक्याचा संदर्भ म्हणून परत येते. ओळखायचं कसं? लेखाच्या 'इतिहास' पानावर जाऊन ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ती तारीख बघा आणि बातमीच्या तारखेशी ताडून पाहा. वाक्य आधीचं, बातमी नंतरची आणि शब्दही तेच असतील, तर ती बातमी बाजूला ठेवा.

पायरी चौथी: संदर्भ पूर्ण लिहा

लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती आणि पान क्रमांक. पान क्रमांक कधीही गाळू नका. चारशे पानांच्या पुस्तकाचं नुसतं नाव दिल्याने पडताळणी होत नाही. वर्तमानपत्र असेल तर तारीख आणि पान. संकेतस्थळ असेल तर तुम्ही ते कधी पाहिलं ती तारीख, आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्या पानाची प्रत साठवून तिचाही दुवा. मराठी वर्तमानपत्रांचे दुवे फार लवकर मरतात.

पुस्तक ऑनलाइन नाही म्हणून कुणी तुमचा संदर्भ काढला, तर शांतपणे सांगा की नियम तसा नाही. छापील पुस्तक ग्रंथालयात मिळत असेल तर ते पडताळण्याजोगंच आहे. समोरच्याने विचारलं तर त्या पानावरची एक-दोन वाक्यं चर्चा पानावर उद्धृत करा. अख्ख्या पानाचा फोटो मात्र चढवू नका, तो स्वामित्वहक्काचा भंग होईल.

आणि संदर्भ वाक्याला चिकटून ठेवा. परिच्छेदाच्या शेवटी पाच पुस्तकांची रांग लावली तर कुठलं वाक्य कुठून आलं ते सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

पायरी पाचवी: वाक्य लिहा

आता हातात तीन आकडे आणि त्यांचे संदर्भ आहेत. सरासरी काढायची नाही, आणि आपल्याला आवडणारा आकडाही ठेवायचा नाही. 'हुतात्म्यांची संख्या अमुक ग्रंथात १०५, अमुक ग्रंथात १०६ आणि अमुक ठिकाणी १०७ दिली आहे' असं लिहा आणि प्रत्येक आकड्याच्या पुढे त्याचा संदर्भ. 'काही जण म्हणतात', 'असे मानले जाते' ही वाक्यं टाळा. कोण म्हणतं, ते नाव घ्या. बहुसंख्य अभ्यासक एकाच आकड्याकडे झुकत असतील तर तो आधी आणि ठळक द्या. तटस्थपणा म्हणजे प्रत्येक मताला सारखीच जागा देणं नव्हे.

पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा गिरगावातला जुना वाद याच पद्धतीने हाताळावा लागतो. तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला, दोन्ही कोरोनेशन चित्रगृहातच लागले. तारखांवर भांडण नाही. भांडण आहे ते 'पहिला' आणि 'भारतीय' या शब्दांवर, कारण 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा ब्रिटिश माणसाने चालवला आणि फिल्म लंडनला धुतली गेली, असे आक्षेप आहेत. लेखात तारखा सरळ विधान म्हणून येतात आणि 'पहिला कोण' हे आक्षेप घेणाऱ्यांच्या नावांसह येतं.

इतिहासपुरुषांच्या लेखांत दुप्पट जपा. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांनी, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली होती आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. अशा लेखात प्रत्येक वाक्याला अभ्यासकाचा ग्रंथ आणि पान हवंच. खातं उघडताना खरं नाव देण्याची सक्ती नाही, हेही नवीन माणसाला सांगून ठेवते.

हयात व्यक्तींसाठी नियम आणखी कडक आहे: कुणाची बदनामी होईल असा, संदर्भ नसलेला मजकूर दिसला तर 'संदर्भ हवा' ही खूण लावून वाट पाहू नका, लगेच काढा. २००५ मध्ये जॉन सिगेनथॉलर या अमेरिकी पत्रकाराविषयी धडधडीत खोटा मजकूर चार महिने तसाच राहिला होता. त्यानंतरच हे नियम कडक झाले.

तुमचं लिखाण उलटवलं गेलं तर

हे होणारच. माझं पहिलं मोठं संपादन तासाभरात उलटवलं गेलं, म्हणजे कुणीतरी पान आधी होतं तसं करून टाकलं. दोन दिवस लायब्ररीत बसून लिहिलेले चार परिच्छेद होते आणि उलटवणाऱ्याने कारणाचा एक शब्दही लिहिला नव्हता. मला रडू आलं होतं. त्या रात्री मी तेच परत चिकटवलं, त्याने परत काढलं, मी परत चिकटवलं. माझे संदर्भ चांगले होते. तरीही तिथे चूक माझी होती, कारण दोघांनी उलटवत राहण्याला संपादन युद्ध म्हणतात आणि त्यात कोण बरोबर आहे हे कुणी बघत नाही. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बंदी येऊ शकते. प्रत्येक भाषेचे नियम वेगळे असतात, तेव्हा मराठीत तिथल्या नियमाचा हवाला देऊन कुणाला धमकावू नका. पण स्वतःपुरता त्याहून कडक नियम ठेवा: एकदा उलटवलं गेलं की थेट चर्चा पान.

तिथे लिहायच्या आधी रात्र जाऊ द्या. मग असं काहीसं लिहा:

'नमस्कार. हुतात्म्यांच्या संख्येबाबत मी केलेला बदल आपण उलटवलात. माझ्याकडे अमुक ग्रंथ, पान अमुक, हा संदर्भ आहे. संबंधित वाक्य खाली देत आहे. आपला आक्षेप आकड्याला आहे, ग्रंथाला आहे की मांडणीला, ते कळवावे. तिन्ही आकडे संदर्भांसह देणारे पर्यायी वाक्यही खाली लिहिले आहे.'

या मजकुरात समोरच्याच्या हेतूबद्दल एक शब्द नाही. जात, पक्ष, गाव, शुद्धलेखन, कशाचाच उल्लेख नाही. आणि तीन पर्याय विचारले आहेत, कारण बहुतेक वादांत दोन माणसं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. समोरचा म्हणाला की ग्रंथ त्याला मान्य आहे पण लेखाच्या पहिल्याच ओळीत तीन आकडे नकोत, तर वाद जवळपास संपलाच. तीन आकडे खालच्या विभागात न्या.

उत्तरासाठी आठवडाभर थांबा. मराठीत सक्रिय संपादक थोडे, नोकरी-धंदा सांभाळून लिहिणारे. उत्तर आलंच नाही तर चर्चा पानावर तसं नोंदवून बदल करा आणि बदलाच्या सारांशात 'चर्चा पान पाहावे' लिहा. उत्तर आलं पण तिढा सुटला नाही, तर त्या विषयात लिहिणाऱ्या तिसऱ्या संपादकाला त्याच्या चर्चा पानावर उघडपणे विचारा. त्यानेही भागलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दोन्ही बाजू चार-पाच ओळींत मांडा. ग्रुपवर 'सगळ्यांनी जाऊन मत द्या' असा निरोप फिरवू नका. इथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात, आणि असा आणलेला जमाव ओळखू येतो. दुसऱ्या नावाने खातं उघडून स्वतःलाच पाठिंबा देणं हे तर खात्याचा शेवट करून घेणं आहे.

प्रचालकाकडे, म्हणजे पानं सुरक्षित करण्याचे जादा अधिकार असलेल्या संपादकाकडे, कधी जायचं? शिवीगाळ झाली, मुद्दाम नासधूस चालली, न थांबता उलटवणं सुरू असेल, तेव्हा. १०५ बरोबर की १०७, हे ठरवून देणं प्रचालकाचं काम नाही. तो पान काही काळ सुरक्षित करू शकतो, आणि ते तुमच्या नावडत्या आवृत्तीवर झालं तर तक्रार करू नका. तो वेळ वाचायला वापरा.

तुमचा स्वतःचा संबंध असेल तर तो सांगून टाका. आजोबा चळवळीत होते, काकांचं पुस्तक आहे, तुम्ही त्या संस्थेत काम करता: हे चर्चा पानावर लिहा आणि बदल स्वतः करण्याऐवजी सुचवा. मीही गिरणगावची असल्याचं माझ्या सदस्य पानावर लिहून ठेवलंय.

तोडगा निघाल्यावर एक काम राहतं. काय ठरलं, कोणत्या संदर्भांवर ठरलं, हे चर्चा पानावर पाच-सहा ओळींत लिहून ठेवा. लेखाच्या मजकुरात त्या आकड्याजवळ वाचकाला न दिसणारी पण संपादकाला दिसणारी टीप घालता येते, तिथे 'बदलण्यापूर्वी चर्चा पान वाचावे' असं लिहा. १ मे आणि २१ नोव्हेंबरच्या आसपास कुणीतरी येऊन आकडा बदलतोच, बहुतेक वेळा आपल्या घरात ऐकलेला. त्याचा बदल उलटवताना सारांशात नुसतं 'चूक' लिहू नका. चर्चा पानाचा दुवा द्या आणि त्याच्याकडे एखादं पुस्तक असेल तर त्याचं नाव आणि पान मागा.